तुर्भ्यातला वळलेला रस्ता

परवा जिना धुताना अमोनियाचा उग्र वास आला आणि ऐंशीच्या सुमाराचं तुर्भे आठवलं. तेव्हा नकाशांच्या ताज्या प्रतींना असाच वास यायचा.

नव्या वसाहतीचे नकाशे मी आखायचे, पण चारचौघांत बोलायची माझी छाती नव्हती. एका सकाळी आमचे साहेब गावकऱ्यांना नकाशा समजावत होते, मी शेजारी उभी होते. अचानक एकाने त्यांच्या डोक्यात काठी घातली. रक्त नकाशावर सांडलं, मागून दगड येऊ लागले. ड्रायव्हरने साहेबांना जीपकडे ओढलं. काठीवाला ओरडला, "हितं माजा घर हाय! कोनी काडला यो रस्ता?"

"मी," मी म्हणाले.

काठी माझ्यावर उगारली गेली. मी नकाशा पुढे धरून म्हणाले, "तुमचं घर नेमकं कुठंय, दाखवा ना. रस्ता वळवता येतो का बघते."

"काय बोलते ती?" मागून कोणी विचारलं.

"गप रा, ऐकू दे!"

दगड थांबले. त्याने रक्ताळल्या कागदावर बोट टेकवलं, मी पेन्सिल काढली. पुढे रस्ता खरंच वळला.

आपण धीट झालो, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, माझा आवाज इतका बारीक होता की ऐकायला त्यांना गप्प व्हावंच लागलं.