मुलुंडच्या डोंगरावरची आग आणि एक घोरपड

मंडळी, हाताला अजून धुराचा वास येतोय, तरी लिहितेय.

आज दुपारी आमच्या मुलुंड कॉलनीमागच्या डोंगरावर सुकं गवत पेटलं. जनावरं वाचवण्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलेले आम्ही सहाजण जाळ्या, खोके, हातमोजे घेऊन लगेच पायथ्याशी पोचलो. वनरक्षकाने अडवलं.

"ताई, आग विझेपर्यंत वर कोणी जायचं नाही."

त्याचं बरोबरच होतं. आम्ही तासभर नुसते बघत उभे राहिलो.

विझल्यावर वर गेलो, तर एक घोरपड सापडली. चारही पंजे भाजलेले. आमच्या यादीतल्या, जंगली जनावरं बघणाऱ्या एकमेव डॉक्टरांना फोन लावला, तर ते वर्सोव्याला एका ऑपरेशनमध्ये अडकलेले. जवळच्या दोन दवाखान्यांनी सांगितलं, "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो."

डॉक्टरांचा निरोप आला, "औषध देऊ नका. अंधारात, शांत ठेवा. मी निघतोय."

मी खोकं मांडीवर घेऊन बसले. दर थोड्या वेळाने झाकण किंचित उचलून पोट हलतंय का बघायचे. हलत होतं. मग एकदा बघितलं, तर हलत नव्हतं.

"मग आपण शिकलो कशाला गं?" माझ्यासोबतच्या संदीपने विचारलं. मी खोक्याचं झाकण नीट लावलं.

डॉक्टर धावतच आले. खोक्यात बघून म्हणाले, "तुम्ही सगळं बरोबर केलंत." तेच जास्त लागलं.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जंगली जनावरांवर उपचार करणारे डॉक्टर कोणाच्या ओळखीत आहेत का हो? उन्हाळा तर आत्ता कुठे सुरू झालाय.