ऊन दाखवणारे नंदोई

उन्हाने दुरुस्त होणार नाही अशी वस्तू जगात नाही, यावर माझ्या नंदोईंची, म्हणजे नणंदेच्या यजमानांची, जितकी श्रद्धा आहे तितकी लोकांची देवावरही नसते. ते दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी. सगळा जन्म मिरची वाळवण्यात गेला, त्यामुळे मिरचीला जे लागू पडलं ते सगळ्यालाच पडतं अशी त्यांची खात्री झाली. पाण्यात पडलेला मोबाइल, खरखरणारा रेडिओ, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना त्यांनी ऊन दाखवलं आहे. त्यातलं घड्याळ खरोखर चालू झालं, तिथेच घोटाळा झाला. एकदा आमचा फ्रीज घरघर करत होता, तर चार माणसं लावून त्यांनी तो अंगणात नेला. संध्याकाळी आत आणला तेव्हा घरघर होतीच. कान लावून म्हणाले, "आते कसा मोकळा वाजस!" ते घरचे जावई, आणि आमच्याकडे जावयाला ‘नको’ म्हणायची पद्धत नाही. जेवणात नाही, तशी दुरुस्तीतही नाही. दुसरं म्हणजे त्यांना गप्प बसता येत नाही. आमच्याकडे जळगावला येताना गाडीत शेजारी बसलेल्या माणसाच्या घरात काय काय बिघडलंय, हे त्यांना उतरेपर्यंत पाठ झालेलं असतं.

एप्रिलमध्ये ते आले त्याच दिवशी अकरा वाजता माझ्या मुलीची, पल्लवीची, ऑनलाइन मुलाखत होती. पुण्याची कंपनी. वर्षभर अर्ज करकरून मिळालेलं हे पहिलं बोलावणं, आणि सकाळी लॅपटॉप चालूच होईना. ना दिवा, ना आवाज. तिने दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला, शेजारच्यांचा चार्जर आणला, चार्जर काढून बटण बराच वेळ दाबून धरलं. काही नाही. नंदोईंनी लॅपटॉप उचलला, बाजूच्या जाळीला नाक लावून हुंगला आणि निदान केलं, "वहिनी, बठ्ठा दमट व्हयेल शे. याले ऊन दखाडा."

"भाऊ, पाऊस पडून सहा महिने झाले. दमट कुठून होईल?"

"म्हणीसन तं! आतलं दमट बाहेर कसं दिसी?"

पल्लवी दुकानात फोन लावत होती, दुकान उघडायला वेळ होता. मी पोह्यांना फोडणी घालत होते. वळून पाहिलं तर लॅपटॉप नाही आणि नंदोईही नाहीत. गच्चीवर धावले. तिथे माझ्या कुरडयांच्या रांगेत लॅपटॉप पालथा वाळत पडला होता, वरून कावळ्यांसाठी माझीच जुनी ओढणी. नंदोई शेजारी छत्री धरून उभे. छत्री स्वतःच्या डोक्यावर.

"एक बाजू झाली. आते पलटाडस," म्हणाले.

मी लॅपटॉप खाली आणला. तो इतका तापला होता की त्यावर पापड भाजला असता. पल्लवीने बटण दाबलं. काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मोबाइलवर मुलाखत देणं बरं दिसत नाही, असं ती सकाळपासून म्हणत होती, पण आता दुसरा उपाय नव्हता. मोबाइल तांब्याला टेकवला, घसरला. डब्याला टेकवला, पुन्हा घसरला. अकराला थोडाच वेळ होता. नंदोईंनी मोबाइल उचलला आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. हात लांब करून मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर धरला.

"तू बोल माय. मी धरस."

"फुवा, पण तुम्ही अजिबात बोलायचं नाही हं!"

त्यांनी मान हलवली. ती मुलाखत चांगली लांबली आणि त्यांनी एक शब्द काढला नाही. हा चमत्कार मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, पण मोबाइल हलला नाही. पल्लवीला कुणीतरी विचारलं, घर सोडून राहायची तयारी आहे का? ती लगेच म्हणाली, "हो, कायमचीसुद्धा." नंदोईंना मूलबाळ नाही. ही पोर पाळण्यात होती तेव्हापासून तिला भेटायला म्हणून ते येत आलेत. ते उत्तर आलं तेव्हाही मोबाइल हलला नाही.

मुलाखत संपल्यावर हात चोळत ते स्वयंपाकघरात आले. पेलाभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, तठे रविवारनी सुट्टी ऱ्हास ना?"

"असते, भाऊ."

"मंग ठीक शे."

पल्लवीला ती नोकरी लागली. लॅपटॉपमधला कुठलासा भाग जळाल्याचं दुकानदाराने सांगितलं. आधीच जळाला होता की गच्चीवर, हे मी मुद्दाम विचारलं नाही. जूनमध्ये ती पुण्याला गेली. रविवारी सुट्टी असते, पण पुण्याहून दर रविवारी कोण येतं? ती येणार नाही, हे मी नंदोईंना आदल्या दिवशीच फोनवर सांगते. तरी ते सकाळच्या गाडीने येतात, चहा घेतात, तिच्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, "वहिनी, घरमा काही बिघाडेल शे का?"

मी सांगते, मिक्सरचं झाकण नीट बसत नाही.

ते नीट बसतं.