गेटपाशी केलेला भूकंप

भूकंप झाला. घर पडलं, त्यात आई गेली.

त्यानंतर डोक्यावर दगड-विटा नकोत म्हणून वडील पाटणजवळ गवताच्या छपराखाली राहू लागले. पुढे १९८० नंतर आम्हाला नेरुळला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. ते आले, पण गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसले ते वर यायला उठेचनात. मी दोरीला टोपली बांधून चहा खाली सोडला. खालून हाक आली, "साखर कमी हाय!" सगळ्या सोसायटीला कळलं.

हे कारखान्यांच्या शेडचे आराखडे काढायचे. वडिलांची भीती घालवायला त्यांनी कळंबोलीहून आणलेल्या लोखंडी पट्ट्या जोडून तीन मजली सांगाडा केला, गेटपाशी गोल पाइपांवर ठेवला आणि वर माझे पितळी डबे रचले. "हलवा, मामा."

वडिलांनी हलवला. सांगाडा आडवा झाला, डबे गडगडत रस्त्यावर गेले. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

मग यांनी चौकटींत तिरके दांडे बसवले. प्रत्येक दांड्याच्या मध्ये दोन पट्ट्या एकमेकींवर बोल्टने आवळलेल्या. मोठा हिसका आला की त्या घसरतात, सायकलच्या ब्रेकसारख्या घासून जोर खातात, आणि इमारत उभी राहते.

वडिलांनी दात-ओठ खाऊन हलवला. कर्र कर्र आवाज झाला, डबे नाचले, पण पडले नाहीत. वडिलांची टोपी पडली. शेजारच्या काकू ओरडल्या, "आजोबा, माझाबी हात लागू द्या!" मग कोण हलवतंय आणि कोण हसतंय, कळेना. आई गेल्यापासून वडिलांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसत वडिलांनी विचारलं, "जावईबापू, हे दांडे तुमच्या बिल्डिंगीत कुठं हायेत?"

यांचा चेहरा उतरला. "नाहीत, मामा. इथे नुसतं काँक्रीट आहे. सळया नीट बांधल्यात, मी बघितल्यात. पण खात्री नाही देत."

"आन् माझ्या पोरीला वर ठेवलीत व्हय?"

वडिलांनी टोपी झटकली, पिशवी उचलली. मला वाटलं, आता एसटी स्टँड.

"ती वर असताना मी हितं बसून काय करू?" म्हणाले, आणि जिन्याकडे वळले. वाटेतल्या प्रत्येक खांबाला थाप मारत चढले. मागून काकू, पोरंटोरं, डबे घेतलेले हे, सगळी वरात.

वडील शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. आता तेही नाहीत आणि हेही नाहीत. मी त्याच घरात राहते.