जिवंत फोरमला श्रद्धांजली

सकाळी चहा गाळता गाळता फोन उघडला, तर आमच्या वेबसाइटवाल्यांच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचं चित्र. काळी चौकट, दोन समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मध्ये, जिथं गेलेल्या माणसाचा फोटो असतो तिथं, आमच्या फ्रेमवर्कचं बोधचिन्ह. त्याखाली बऱ्याच जणांचे हात जोडून झाले होते. कुणी 'ॐ शांती' लिहिलं होतं. आटपाडीच्या एका गृहस्थांनी चित्र नीट न बघताच 'कधी झालं?' असं विचारलं होतं.

माझं डोकंच फिरलं. निम्मा चहा ओट्यावर गेला.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. आमचा हा सांगाडा फुकट मिळतो, तो कुठल्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणची माणसं आपापला वेळ काढून तो लिहितात, दुरुस्त करतात आणि कुणी अडलं तर फोरमवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, उत्तर देतात. आमच्या इस्लामपूरकडे भांगलणीला पैरा करतात, तसंच हे. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या.

याच सांगाड्यावर मी घरी बसून पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहाचं काम चालवते. कोण मूल सुट्टीवर गेलं, कोण परत आलं, कुणाला कुठलं औषध द्यायचं, सगळं त्यात. माझं सगळ्यात मोठं काम तेच. आणि नेमका त्याच आठवड्यात शाळेच्या नव्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. फोरमवर कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलेलं दिसत नाही, हे बंद पडलंय का, पडलं असेल तर आम्हाला दुसरीकडे जावं लागेल. मी सांगितलं, नवी आवृत्ती नुकतीच आलीय. ते शांतपणे म्हणाले, "आली असेल मॅडम, पण तिथं कुणी बोलत नाही ना."

बोलत नाही! माझा फोन मात्र दिवसभर बोलत असतो. सांगली, मिरज, विटा, वाई. "ताई, दोन मिनटं हायत का?" ती दोन मिनिटं कुणाची कधी दोन मिनिटांत संपलेली मी पाहिली नाहीत. मी दरवेळी एकच सांगते, फोरमवर लिही, तिथं उत्तर देते, म्हणजे पुढच्यालाही सापडेल. "व्हय ताई" म्हणतात आणि दुसऱ्या कुणाला फोन लावतात. चारचौघांत विचारायची लाज वाटते. आपल्याला येत नाही हे कुणाला कळता कामा नये, म्हणून आडोशाला जाऊन विचारायचं, आणि मग फोरम ओस पडला म्हणून चौकात समया लावायच्या. या लोकांचा मला मनापासून संताप येतो.

ते चित्र टाकणारा साताऱ्याचा. पूर्वी सांगलीत एका क्लासच्या खोलीत आम्ही सगळे महिन्यातून एकदा जमायचो, ते त्यानं आणि मीच सुरू केलं होतं. तेव्हा शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणाव्या लागायच्या. दुपारी त्याचाच फोन. "ताई, रागावलासा व्हय? चेष्टा केली हो." आणि लगेच पुढं, "ते फोटो चढवताना मधीच अडकतंय बगा. कोल्हापूरला निघालोय, वाटेत येऊ का?"

ये म्हटलं.

आला तो कंदी पेढे घेऊन.

"बाराव्याला पेढे वाटतात व्हय रं तुमच्यात?" मी म्हटलं. तो हसला. मी हसले नाही. त्याचा लॅपटॉप उघडून फोरमचं पान त्याच्यापुढं ठेवलं. "इथं लिही, काय अडलंय ते."

"आवं, तुमी समोरच बसलायसा की."

"लिही."

"तितं कोन हाय आता, ताई?"

"मी हाय."

त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. मग हळूच म्हणाला, "येवढं साधं इचारतोय म्हनून लोक हसत्याल वो."

"लोक न्हाईतच म्हणालास न्हवं आत्ता? मग हसणार कोण?"

त्यानं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. प्रश्न फोरमवर पडला. टेबलाच्या अलीकडं बसून मी माझ्या लॅपटॉपवर त्याचं उत्तर लिहिलं, तोंडातून एक शब्द न काढता. त्यानं ते वाचलं, करून बघितलं आणि खाली लिहिलं, जमलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, बोलंना झालायसा व्हय एकमेकांसंगं?"

फोरमवर 'शेवटची नोंद' या शब्दांपुढं आता 'आत्ताच' दिसत होतं. मी ते पान पाचगणीला पाठवलं. त्यानं तेच पान ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं, 'चालू हाय, हितं इचारा.' पुन्हा हात जोडले गेले. आटपाडीकरांनी तर फूल टाकलं. फोरमवर मात्र तिसरं माणूस आलं नाही. तो गेल्यावरही मी ते पान परत परत उघडून बघत होते.

संध्याकाळी व्यवस्थापकांचा निरोप आला. 'नोंदी बघितल्या. पण मॅडम, दोनच माणसं दिसतात. दोघांच्या भरवशावर आम्ही मुलांचं काम ठेवायचं का?'

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, पण त्यांचा नाही. त्यांचं बरोबरच होतं. शाळेचं नाव काढून मी तो निरोप जसाच्या तसा ग्रुपवर टाकला, अगदी त्या समयांच्या चित्राला उत्तर म्हणून.

सगळ्यांनी वाचल्याची खूण आली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.