थोरलीच्या हातची चूक

सासऱ्यांच्या गॅरेजात जावा दोन होत्या आणि टेबल एकच. थोरली बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडत आलेली. धडकलेली गाडी आली की आधी बॅटरी सोडवायची, दहा मिनिटं हाताची घडी घालून थांबायचं, मगच एअरबॅगच्या पिवळ्या प्लगला हात लावायचा, हा नियम सगळ्या गॅरेजला तिनंच घालून दिलेला. धाकटी तीन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेऊन आली आणि थोरलीचं टेबल गेलं.

एअरबॅग उघडली की गिअरखाली बसवलेला तिच्या कंट्रोलरचा डबा धडकेची नोंद पोटात ठेवतो. बॅगा नव्या घातल्या तरी ती नोंद पुसेपर्यंत समोरचा लाल दिवा काही विझत नाही. गुडघे सोलून घेत तो डबा बाहेर काढायची थोरली. धाकटी त्याला दोन वायरी लावायची, चार बटणं दाबायची, की गिऱ्हाईक तिचे आभार मानून मोकळं. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची धाकटी म्हणजे गाड्यांची डॉक्टर." मग थोरली कोण, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चहाचा कप आधी धाकटीपुढे गेला, तरी तेवढं तिला दिवसभर जळायला पुरायचं.

त्या दिवशी धाकटी दाताच्या दवाखान्यात गेली होती. गाडी शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. त्यांची गाडी एका विद्यार्थ्यानं भिंतीवर घातली होती. गॅरेजात तिच्या बॅगा, पट्टे सगळं नवं बसलं होतं, राहिला होता फक्त दिवा.

"लॅपटॉपवाल्या बाई आहेत ना? सोमवारी माझ्या मुलांची परीक्षा आहे."

"दुपारपर्यंत होईल गाडी," थोरली म्हणाली.

तीन वर्षं तिरक्या नजरेनं बघून तिला सगळं पाठ झालं होतं. डब्यातली मूळ फाइल जपून ठेवू का, असं लॅपटॉपनं विचारलं. ही सगळी धाकटीची मिजास, असं म्हणत तिनं 'नाही' दाबलं आणि यादीतली जवळपासची दिसली ती कोरी, धडकेची नोंद नसलेली फाइल डब्यात भरली. ती निघाली दुसऱ्याच मॉडेलची. डबा मुका झाला तो झालाच. मूळ फाइल हाताशी असती तर परत भरता आली असती.

धाकटी गाल धरून परतली, तेव्हा सर आणि सासरे टेबलापाशीच उभे होते. तिनं स्क्रीन पाहिला, थोरलीचा पडलेला चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं.

"सर, माझ्या हातून चुकलं. सकाळी घाईत भलतीच फाइल भरून गेले मी. नवा डबा मागवावा लागेल, आठवडा जाईल."

"चालायचंच," सासरे लगेच म्हणाले. "काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात."

हे वाक्य बावीस वर्षांत थोरलीच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. तिच्या हातून साधा स्क्रू पडला तरी 'लक्ष कुठंय?' असं व्हायचं. आता खरं तर तिनं सुटले म्हणायचं. पण टेबल हिचं, कौतुक हिचं, आणि माझ्या चुकीची माफीसुद्धा हीच घेऊन जाणार? ते तिला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती. मी केलंय ते. तिनं हातही लावलेला नाही."

तेच वाक्य सासरे आता आपल्यालाही म्हणतील, म्हणून थोरली थांबली.

सासरे सरांकडे वळले. "बघा, किती मोठं मन आहे आमच्या धाकटीचं."