कोपऱ्यातली गोलाई: एका ॲक्सलसाठी सांगली ते पनवेल

तीन वर्षं झाली, माझी गाडी चाळीस मीटर धावलेली नाही. गाडी म्हणजे खरी नव्हे हो, ड्रॅग रेसच्या गाडीची प्रतिकृती. खऱ्याच्या एक-अष्टमांश, लांबी तीन फूट, पुढं दोन किडमिडीत चाकं आणि मागं दोन गलेलठ्ठ. बॅटरीवर पळते. या गाड्यांना वळणं माहीत नसतात. सरळ सुटायचं, जमेल तेवढ्या जोरात जायचं, विषय संपला. सांगलीत असे सहा वेडे आहोत आम्ही, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी शाळेमागच्या काँक्रीटच्या रस्त्यावर आपापल्या गाड्या पळवतो.

बाकी पाच जणांच्या पोचतात. माझी सुटताना 'टक्' असा आवाज करते आणि मागचा ॲक्सल मोडून तिथंच बसते. पहिल्या वर्षी साधं लोखंड होतं, दुसऱ्या वर्षी जरा बरं, तिसऱ्या वर्षी तर ट्रकच्या ॲक्सलला वापरतात ते महागडं पोलाद आणलं. तिन्ही वेळा मोडला, तोही एकाच जागी. गेल्या वर्षी रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून बसलो की पुढच्या वर्षी ही पोचली नाही तर शाळेच्या कपाटात ठेवून देईन, पुन्हा हात लावणार नाही. बोललेलं सगळ्यांच्या लक्षात होतं, माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, तर जास्तच.

मग दिवाळीच्या सुट्टीत पनवेलला जायचं ठरलं. तसं तिथं जायचंच होतं, कामोठ्याला माझी मेहुणी वैशाली राहते. तिनंच फोनवर सांगितलं की कळंबोलीजवळ रोडपालीच्या बाजूला एक जुने लेथवाले आहेत, सगळे त्यांना जनाशेठ म्हणतात. मच्छीमारांच्या होड्यांच्या इंजिनांची कामं करतात आणि एक नगसुद्धा बनवून देतात. आमच्याकडचे कारखानदार एका नगासाठी मशीन थांबवायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात, त्यामुळे मला हे ऐकूनच गुदगुल्या झाल्या.

मी चित्रकलेचा शिक्षक. दोन रात्री बसून ॲक्सलचं आणि चाकांच्या मधोमध बसणाऱ्या दोन हबचं ड्रॉइंग केलं. जाड पांढरा कागद, काळी शाई, मापं निळ्यात, सूचना लाल अक्षरांत. गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या नळीत घातली. सुनंदा म्हणाली, "अहो, लग्नाची पत्रिकासुद्धा इतकी जपली नव्हतीत तुम्ही."

सकाळी सहाची लाल बस धरली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे सुनंदा निम्म्या पैशात आणि खिडकीशी. कुणी याच मार्गानं जाणार असेल तर एक सांगतो, एक्सप्रेस वेवरच्या मोठ्या थांब्यावर खायच्या भानगडीत पडू नका. वडा गार आणि बिल गरम. आम्ही चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळाचा उरलेला चिवडा नेला होता. घाट उतरला की हवा एकदम चिकट होते, स्वेटर काढून पिशवीत जातो. दोनच्या सुमारास कळंबोलीला उतरलो आणि रिक्षानं कामोठ्याला पोचलो. वैशालीनं चहा टाकला. तिला नळीतलं ड्रॉइंग दाखवलं तेव्हा ती मनापासून छान म्हणाली, आणि मी रात्री अगदी निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी आणि सुनंदा गाळ्यावर हजर. जनाशेठ साठीच्या पुढचे, अंगानं बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दारात होडीचा एक पंखा टेकवून ठेवलेला, आत दोन लेथ, एक अवाढव्य आणि एक लहानसा, शिवणयंत्राहून थोडा मोठा. तो लहान लेथ पाहूनच मला वाटलं की आलो ते बरोबर जागी आलो. नमस्कार झाले, पाणी झालं. मी नळीतून कागद काढून मोठ्या ऐटीत टेबलावर पसरला.

जनाशेठनी त्याकडं एकदा पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "कागद राहू द्या, सर. मोडलेला तुकडा हाय काय?"

दोन रात्रींचं काम असं बाजूला सरलं की मनाला लागतंच. पण मोडके तुकडे मी जपून ठेवले होते, कंपासपेटीत, तिन्ही वर्षांचे. त्यांनी ते उजेडात एका ओळीत मांडले. चष्मा चढवला. मग जिथं जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथं प्रत्येकाच्या कोपऱ्यात नख फिरवलं. मी आपला सांगत सुटलो, की पोलाद बनावट असणार, दुकानदारानं फसवलं असणार, यापेक्षा कडक काही मिळेल का.

"लोखंडाला शिव्या देऊ नका," ते म्हणाले. "कापडवाला काय करतो? आधी कात्रीनं चिरा देतो, मग टरकन फाडतो. तुमी हितं चिरा देऊन ठेवलाय. कोपरा काटकोनात हाय, गोलाई नाय. सोन्याचा बनवा नायतर हिऱ्याचा, हितंच मोडणार."

सुनंदानं हळूच टेबलावरच्या कागदाकडं बोट केलं. त्यावर माझ्याच अक्षरात, लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: सर्व कोपरे अचूक काटकोनात. तीन वर्षं मी हीच सूचना देत आलो होतो. आमच्याकडच्या बिचाऱ्या कारागिरांनी ती तंतोतंत पाळली होती, आणि मी त्यांना गावभर नावं ठेवत फिरलो होतो. वर्गात मुलांच्या वह्यांतले कोपरे जरा गोल झाले तरी मी खोडून पुन्हा काढायला लावतो. ती सवय थेट गाडीच्या पोटात जाऊन बसली होती. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण दुखणं सापडलं होतं.

आता गोलाई द्यायची म्हणजे किती द्यायची, हा प्रश्न आला. ॲक्सल ज्या बेअरिंगमध्ये बसतो, त्याच्या तोंडाला कंपनीनं थोडी गोलाई दिलेली असते. आपली गोलाई तिच्याहून किंचित कमी पाहिजे. जास्त झाली तर बेअरिंग नीट टेकत नाही, चाक डुगडुगतं. जनाशेठ म्हणाले की बेअरिंग काढा. आणि माझं बेअरिंग होतं सांगलीत, गाडीतच, कारण तीन फुटांची गाडी बसमधून कशी आणायची? मी कागदावरचं माप दाखवू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "ज्यात बसायचं ते समोर नाय, तवर आमी टूल लावत नाय. ही आपली रीत हाय."

मग आमची वरात कळंबोलीच्या दुकानांतून निघाली. इथं ट्रकचं सगळं मिळतं, पण सगळं ट्रकच्याच मापाचं. भाकरीएवढी बेअरिंगं, ताटाएवढी बेअरिंगं. माझं हवं होतं रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा कुठं दांडगं, आतलं भोक आठ मिलिमीटर. एका दुकानदारानं शांतपणे विचारलं की काका, घड्याळाला पाहिजे का. बारीक बेअरिंगवाल्या एकमेव दुकानाला दिवाळीचं कुलूप. ऊन चढलं, शर्ट पाठीला चिकटला, आणि रविवार डोळ्यांसमोर नाचू लागला. परतीचं तिकीट उद्याचं होतं.

सुनंदा एका पानटपरीच्या सावलीत थांबली आणि तिनं मला सांगून टाकलं की तुम्ही पाच मिनिटं गप्प बसा. वैशालीला फोन लावला. बेअरिंग म्हणजे काय, केवढं, याचं वर्णन तिनं माझ्यापेक्षा सोप्या भाषेत केलं. पलीकडून वैशाली म्हणाली की असलं काहीतरी मुलीच्या जुन्या स्केट्सच्या चाकांत आहे, मुलगी आता कॉलेजात आहे आणि स्केट्स पाच वर्षं माळ्यावर पडून आहेत. अर्ध्या तासात ती एक स्केट पिशवीत घालून रिक्षानं गाळ्यावर आली. जनाशेठनी चाक खोललं, बेअरिंग पुसलं, मापलं. बरोबर आठ! वैशाली म्हणाली, "भावोजी, दुसरा पाय पण आणू का?" त्या क्षणी मी तिला पैठणीसुद्धा घेऊन दिली असती.

पुढचे तीन तास मी लहान मुलासारखा लेथपाशी उभा होतो. गाळ्याच्या कोपऱ्यात एका पिंपात उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यातून त्यांनी वीतभर सळई निवडली. सळई फिरू लागली, कडेनं धातूचा कीस कुरळा होऊन खाली पडू लागला, धातू गार ठेवायला सोडतात त्या पांढऱ्या पाण्याचा वास सुटला. सगळं घडवून झाल्यावर त्यांनी कापायचं टूल काढलं, त्याचं टोक दगडावर अगदी हलकं घासलं, भिंगातून बेअरिंगच्या तोंडाशी जुळवून पाहिलं, पुन्हा घासलं. असं चार वेळा. मग एकच फेरा, कोपऱ्यात. मला डोळ्यांनी फरक दिसेना. त्यांनी माझं बोट धरून कोपऱ्यावर फिरवलं. आधीच्या तुकड्यांत नख अडकायचं, इथं ते घसरून वर आलं. बेअरिंग अंगठ्याच्या दाबानं सरकत गेलं आणि कडेला टेकून गप्प बसलं.

मधे जेवण झालं. जनाशेठच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, आणि नको म्हणायची सोय नव्हती. सुनंदानं चटणीची कृती लिहून घेतली. पाच वाजेपर्यंत दोन ॲक्सल, त्यातला एक जादाचा, आणि ॲल्युमिनियमचे दोन हब तयार झाले, सगळं मिळून बाराशे रुपये. निघताना मी कागद गुंडाळायला लागलो, तर त्यांनी तो मागून घेतला. म्हणाले की कामाला नाय, पण चित्र झकास हाय, भिंतीला लावतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं हौसेनं पनवेलजवळच्या नेरे गावाकडं नेलं. डोंगर आहेत, शेतं आहेत, जाण्यासारखं आहे असं सुनंदा सांगते. माझा हात सतत खिशातल्या ॲक्सलवर होता, त्यामुळे त्या भागाची माहिती तुम्ही दुसऱ्या कुणाकडून घ्या. दुपारची बस पकडून रात्री घरी आलो.

आणि रविवार आला. सहाही गाड्या ओळीत. बाकीच्या पाच जणांनी माझी गाडी ठेवायला कपाट रिकामं केलंय, असा निरोप आधीच दिला होता. मी बटण दाबलं आणि 'टक्'ची वाट पाहिली. टक् झालंच नाही. गाडी नाक उचलून सुटली, चाळीस मीटर संपले, पुढं लावलेली गादी उलटी करून ती गवतात शिरली. नंबर चौथा आला. मी पहिला आल्यासारखा ओरडलो, आणि सुनंदा माझ्याहून मोठ्यानं ओरडली.

तिथूनच जनाशेठना फोन लावला. वेग, आवाज, गादी, गवत, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी राहू द्या, सर. कोपऱ्याचा फोटो पाठवा."

गाडी उलटी करून चाक काढलं. सुनंदानं मोबाइलचा उजेड धरला. कोपरा जसाच्या तसा होता, चरा नाही, रेघ नाही. फोटो पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा अंगठा आला, बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी मी नवा जाड कागद काढला. त्यांच्या भिंतीवर माझ्या नावानं चुकीचा कोपरा लटकतोय, हे काही मला सहन होईना. तेच ड्रॉइंग पुन्हा केलं, फक्त दोन ठिकाणी रेघ काटकोनात थांबवण्याऐवजी वळवली. इतकी वर्षं फळ्यावर काटकोन काढणाऱ्या हाताला ते वळण काही केल्या साधेना. सातव्या प्रयत्नाला जमलं. लाल शाईची सूचना या वेळी लिहिली नाही.