तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट

लातूर सोडून नांदेडला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जंतू तपासायची लॅब आहे, तिथं मी टेक्निशियन आहे. विष्णुपुरीच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहते. कामही एकटीचंच म्हणायचं. आमच्याकडं पेशंट येत नाहीत, त्यांच्या रक्ताच्या बाटल्या येतात. बाटलीवर नाव, वय, वॉर्ड. माणूस कसा दिसतो, ते कळत नाही.

मुलांच्या कॅन्सर वॉर्डातून बाटली आली की मी ती आधी हातात घेते. केमो दिल्यावर या लेकरांच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की एरवी पोटात निवांत पडून असलेला जंतूही रक्तात शिरतो. ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक द्यावं लागतं. माझ्या रिपोर्टची वाट बघत बसता येत नाही. डॉक्टर अंदाजानं औषध सुरू करतात, आणि अंदाज बरोबर होता की चुकला, हे मी तिसऱ्या दिवशी सांगते. जंतूला वाढायला वेळ लागतो, आणि त्याच्यावर औषधं लावून बघायला आणखी वेळ.

ती मुलगी सहा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. तिची आई आत वॉर्डात असायची आणि वॉर्डात एकालाच सोडत, म्हणून बाप बाहेर. तो जुन्या नांदेडातला शिंपी होता, तीन पिढ्यांचं दुकान. वॉर्डाच्या दारातून वॉचमन उठवायचा, म्हणून तो येऊन आमच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं वाकून विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीचं रिपोर्ट आलं का?"

"आज नाही. परवा येईल."

"परवा लई लांब हाय," तो म्हणाला आणि परत बसला.

दिवसभर आम्ही दोघं समोरासमोर. मधे काच. दुपारी मी डबा उघडला तेव्हा त्यानं मान वळवून घेतली, मला संकोच वाटू नये म्हणून. मी इतकी वर्षं जेवताना समोर कोणी असण्याची सवयच सोडून दिली होती. त्या दिवशी दोन घास घेतले आणि डबा बंद केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्लेट इन्क्युबेटरमधून काढली. प्लेटवर जंतूचा पातळ थर असतो आणि त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवलेल्या असतात. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू उगवत नाही, मोकळं वर्तुळ दिसतं. ते पट्टीनं मोजायचं. त्या दिवशी मोजायला काही नव्हतं. चिकट, राखाडी जंतू प्रत्येक चकतीच्या कडेपर्यंत येऊन भिडला होता. मी वॉर्डात फोन केला. मग रिपोर्टावर एकाखाली एक 'आर' लिहीत गेले. 'आर' म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही.

मान वर केली तर तो काचेपाशी उभा होता. "मॅडम, तेच हाय का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी झाकण लावलेली प्लेट आतूनच काचेला लावून धरली.

"ह्या गुंड्या काय हायेत?"

मी सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. "वर्तुळ तर एकबी दिसून न्हाई राहिलं."

"नाही. पण अजून एक औषध आहे. त्याची तपासणी वेगळी असते."

दुपारी डॉक्टर स्वतः खाली आले. ते वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना सरच म्हणते. आवाज न चढवता म्हणाले, "रिपोर्ट घरच्यांना आम्ही सांगतो. तो माणूस वर येऊन मला विचारतोय, की सगळ्या गोळ्या फेल झाल्या का. मी काय बोलू?" "चुकले, सर," मी म्हणाले. चुकलेच होते. तरी त्या माणसाला तीन दिवस काचेबाहेर बसवून मग खोटं सांगणं मला जमलं नसतं.

ते शेवटचं औषध जुनं होतं. किडनीला त्रास देतं म्हणून कधीकाळी बाजूला पडलेलं, आता दुसरं काही चालत नाही म्हणून परत काढलेलं. ते चाललं. पाचव्या दिवशी ताप उतरला. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाजी, पोरीनं आज खिचडी मागितली." मॅडमची बाजी, म्हणजे थोरली बहीण, कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. घरी जाऊन हे सांगावं असं कोणी नव्हतं. भावाला लातूरला फोन केला, तर तो कुठल्याशा लग्नात होता. मागं बँड वाजत होता. "नंतर बोलतो," म्हणाला.

एवढा बिलंदर जंतू वॉर्डात कुठं बसलाय का, हे बघायला हवं होतं. पुढच्या केमोसाठी ती मुलगी परत भरती झाली, त्याच आठवड्यात मी कापसाच्या काड्या घेऊन वर गेले. पलंगाचे दांडे, दाराच्या मुठी, सलाईनचे स्टँड, बेसिन, सगळीकडून नमुने घेतले. तिच्या खोलीत तेव्हा ती पलंगावर बसून होती. डोक्यावर बापानं शिवलेली फुलाफुलांची टोपी.

"तू कोण?" तिनं विचारलं.

"मी जंतू पकडते."

"दिसतो का?"

"एकटा असला की नाही दिसत. लाखांनी झाले की दिसतात."

तिनं विचार केला. "मग एकटा असताना त्याला भीती वाटत असंल." तिची आई हसली. मीही मास्कच्या आत हसले. तेवढीच आमची भेट.

तिच्या खोलीतल्या बेसिनच्या जाळीखालून घेतलेल्या काडीवर तोच चिकट जंतू वाढला. बेसिनमधून तिच्या अंगात गेला होता की तिच्या अंगातून बेसिनमध्ये, हे सांगता येत नाही. आजही येत नाही. मी पत्र लिहिलं, बेसिन काढून टाका. वॉर्डाच्या सिस्टर दुखावल्या. "आम्ही काय घाण ठेवतो का?" म्हणाल्या आणि त्यानंतर चहाच्या वेळी त्यांच्या टेबलावर माझ्यासाठी जागा झाली नाही. तोंडी सांगितल्यावर, कोणी वापरू नये म्हणून, त्यांनी नळावर चिकटपट्टी मात्र लावली. पत्र या टेबलावरून त्या टेबलावर गेलं. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

बारा-तेरा दिवसांनी तिच्या नावाची बाटली परत आली.

या वेळी सरांनी ते शेवटचं औषध पहिल्या तासातच सुरू केलं. बाप बाकावर बसला, पण खिडकीशी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाटल्या लावत होते तेव्हा बाक रिकामा दिसला. नमाजला गेला असेल, असं वाटलं. संध्याकाळी वॉर्डातली मावशी नमुने घेऊन आली, तिनं सांगितलं, पोरगी दुपारीच गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट तयार झाला. शेवटच्या औषधासमोरही 'आर'. रिपोर्ट पुरा करावाच लागतो. मी तो छापला, सही केली आणि वर पाठवला. त्यानंतर हात धुवायला उभी राहिले ती बराच वेळ तशीच.

बेसिन त्याच महिन्यात बदललं.

मी त्या दुकानात जायला चार महिने लावले. ब्लाउजपीस घेऊन गेले, कारण नुसतं जायचं धाडस नव्हतं. त्यानं ओळखलं. स्टूल पुसून दिलं, माप लिहून घेतलं. मग मशीनकडं बघतच म्हणाला, "बाजी, एक विचारू का? पोर लहान होती तवा ताप आला की मी गल्लीतल्या मेडिकलवरून दोन गोळ्या आणायचो. ताप उतरला की बंद. त्याच्यानं झालं का?"

"एकट्या तुमच्यानं असं काही होत नाही," मी म्हणाले. "सगळेच आणतात. माझ्या घरीही आणायचे. जंतू असेच शिकत जातात, पण तो तुमच्याच घरात शिकला असं कोणी म्हणू शकत नाही." आणि मग बेसिनचं सांगितलं. पत्राचं, आणि मी तिसऱ्यांदा विचारलं नाही तेही सांगितलं. हे सांगायची मला कोणी परवानगी दिली नव्हती.

त्यानं मशीनच्या सुईत दोरा ओवला. बाहेरून रिक्षा जात होत्या. शेवटी त्यानं विचारलं, "आता त्या खोलीत कोण हाय?"

"आहे एक मुलगा. हदगावकडचा."

"आन् बेसिन?"

"नवीन बसवलं. मी दर पंधरा दिवसांनी तपासते."

"बरं," तो म्हणाला. "तपासत राव्हा." मग शिवण सुरू केली.

ब्लाउज आणायला गेले तेव्हा दुकानात त्याचा भाऊ होता. त्यानं घडी करून दिला. मला तो नीट बसला. पुढच्या रविवारी लातूरला जाताना घातला. भावजयीनं कुठं शिवला म्हणून विचारलं, तेव्हा मी एवढंच सांगितलं, नांदेडला ओळखीचं एक दुकान आहे.